मुळीचे मूळ आणि सिद्धान्ताचे कूळ

एका कथेवरचे आस्वादपर टिपण तपासताना मध्यंतरी आम्हांला एक वाक्य आढळले. कथानायक कोणालाही न सांगता पहाटे घर सोडून जातो. तो का जातो, याचा विचार करताना विद्यार्थ्याने लिहिले होते की, त्याच्या मेंदूतील सेरोटोनिन कमी झाले असले पाहिजे. कथेत डॉक्टर नाही, दवाखाना नाही, औषधाची बाटलीही नाही. वाक्य मात्र इतक्या सहजपणे आले होते की वाचताना आम्हीही क्षणभर मान डोलावली, आणि मग थबकलो. एका पिढीपूर्वी याच जागी ‘न्यूनगंड’ किंवा ‘अबोध मनातील संघर्ष’ आला असता. त्याच्याही आधी ‘प्राक्तन’ आले असते. प्रत्येक काळ आपल्या पात्रांच्या दुःखाला हाताशी असलेले कारण पुरवीत असतो. गेल्या काळातील कारणांविषयी आपण सावध असतो. चालू काळातील कारण विज्ञानाच्या दारातून आत आलेले असल्याने त्याला कोठून आलास, असे कोणी विचारीत नाही.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सिद्धान्ताला ही सवलत देण्याचे कारण नाही. ‘औदासीन्य म्हणजे मेंदूतील एका द्रव्याची उणीव’ या सिद्धान्ताचे कूळ शोधीत गेले, तर आपण ज्या ठिकाणी पोचतो ते ठिकाण आपल्या परिचयाचे आहे. तेथे खरोखरच एक मूळ आहे: सर्पगंधेचे.

त्याआधी थोडे मागे जाऊ. दुःखाचे द्रव्य शोधण्याची हौस नवी नाही. ‘मेलँकलिया’ या ग्रीक शब्दाचा धात्वर्थच ‘काळे पित्त’ असा आहे. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार रसांच्या प्रमाणावर माणसाची प्रकृती ठरते, ही कल्पना युरोपात दीड-दोन हजार वर्षे टिकली, आणि रॉबर्ट बर्टनने १६२१ साली विषादावरचा आपला अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हाही ती जिवंत होती. आपल्याकडे चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाताचा, पित्ताचा, कफाचा, तिन्ही दोषांचा, आणि बाहेरून येणारा आगंतू. या पाचव्या प्रकारासाठी चरकाने वेगळी जागा ठेवली, हे आम्हांला नेहमीच मोठे शहाणपणाचे वाटत आले आहे. पण तो विषय निराळा. येथे सांगायचे एवढेच की काळे पित्त कोणी पाहिलेले नव्हते. सेरोटोनिन पाहिलेले आहे, मोजलेले आहे, त्याची रचना कागदावर काढता येते. १९४८ मध्ये क्लीव्हलंड येथे ते रक्तद्रवातून वेगळे काढण्यात आले, आणि १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग व अर्विन पेज यांनी ते मेंदूतही असते हे दाखविले. तेव्हा जुन्या रसांशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळा आहे. सेरोटोनिन आहे, हे पाहिले गेले. ते दुःखी माणसात कमी आहे, हे कोणी पाहिले काय?

आता मुळीकडे वळू. सर्पगंधा हे कमरेएवढ्या उंचीचे झुडूप. हिमालयाच्या पायथ्याशी, बंगाल-बिहारात, सह्याद्रीच्या ओलसर जंगलांत ते आढळते. फुले पांढरी-गुलाबी, फळे पिकली की काळसर जांभळी, आणि मूळ अत्यंत कडू. सर्पदंशावर, तापावर आणि भ्रमिष्टांना झोप आणण्यासाठी ते वापरले जाई. उत्तरेकडे ‘पागल की दवा’ हे त्याचे नावच पडले होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात ‘सर्पकाष्ठा’चे काही प्रकार वर्णिले आहेत, त्यांपैकी एक हीच वनस्पती असावी असे अभ्यासक मानतात. तिचे शास्त्रीय नाव, राउवोल्फिया सर्पेंटिना, हे सोळाव्या शतकातील लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ आहे.

१९३१ हे या मुळीच्या आधुनिक चरित्रातील पहिले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये एक लेख लिहिला. वेडावर आणि उच्च रक्तदाबावर हे ‘नवे भारतीय औषध’ आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. शतकानुशतके लोकांच्या हाताखालचे असलेले मूळ त्या दिवशी ‘नवे’ झाले! गणनाथ सेन हे नाव आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथामुळे ठाऊक असते. कविराजांची परंपरा आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण या दोन्ही बाजूंना पाय असलेले ते गृहस्थ होते, आणि लेखात दोन निरीक्षणे एकत्र ठेवण्याची दृष्टी त्यांना बहुधा त्यामुळेच लाभली असावी. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी याच मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला, कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या नावावरून, ‘अजमलीन’ असे नाव दिले. ज्या द्रव्यामुळे पुढे सगळे रामायण घडले, ते मात्र या पाचांत नव्हते.

यानंतरचा टप्पा मुंबईतला आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा अहवाल प्रसिद्ध केला. पश्चिमेने या मुळीकडे प्रथमच गंभीरपणे पाहिले ते या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट या मनोरुग्णालयात सर्पगंधेचा प्रयोग करून रुग्ण शांत होतात असे नोंदविले. मनाच्या आजारांवर गोळी असू शकते, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझीनचा गुण १९५२ मध्ये दिसलेला होता आणि रेसर्पिन त्याचे जोडीदार ठरले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकील आणि क्लाइन या दोघांची नावे आहेत. सेन-बोसांचे नाव त्या यादीत नाही, आणि आजही वैद्यकाच्या इतिहासात ते बहुधा तळटिपेतच भेटते.

येथपर्यंतची कथा औषधाची आहे. १९५५ मध्ये तिला सिद्धान्ताचे वळण लागले. अमेरिकेत बेथेस्डा येथील नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतील अत्यल्प द्रव्ये प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याचे एक नवे यंत्र हाताशी आलेले होते. प्लेचर, शोअर आणि ब्रोडी यांनी प्राण्यांना रेसर्पिन दिले आणि मोजले, तो मेंदूतील सेरोटोनिनचा साठा जवळजवळ रिकामा झालेला! एखाद्या औषधाने प्राण्याचे वर्तन बदलते आणि त्याच वेळी मेंदूतील एक विशिष्ट द्रव्य घटते, या दोन गोष्टी प्रथमच एका कागदावर शेजारी-शेजारी आल्या. त्या क्षणाचे अप्रूप आज आपल्याला नीट कळणार नाही. मेंदूतला निरोप विजेच्या ठिणगीने जातो की रसायनाने, यावरच तोवर शास्त्रज्ञांत कडाक्याचे वाद चाललेले होते.

हे कसे घडते ते पुढे उलगडले. दोन चेतापेशींच्या मध्ये एक सूक्ष्म फट असते. निरोप पाठविणारी पेशी आपल्या टोकाशी असलेल्या इवल्याशा पिशव्यांतून सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनलीन किंवा डोपामीन यांसारखे द्रव्य त्या फटीत सोडते. ते पलीकडच्या पेशीला जाऊन भिडते, आणि मग बहुतांश परत शोषून घेतले जाते. रेसर्पिन या पिशव्या भरणारा पंप बंद पाडते. पिशवीबाहेर उघड्यावर राहिलेले द्रव्य पेशीतील एक विकर, मोनोअमाइन ऑक्सिडेज, मोडून टाकते. कोठाराचे दार लावून घेतल्यावर बाहेर पडलेले धान्य पाखरांनी खावे, तसा हा प्रकार.

ब्रोडींच्या प्रयोगशाळेत काही महिने काढून स्वीडनला परतलेले आर्विद कार्लसन यांनी दाखविले की, रेसर्पिनने एकटे सेरोटोनिनच रिकामे होत नाही. १९५७ मध्ये त्यांनी रेसर्पिन दिलेल्या, कान पाडून निपचित बसलेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते. सेरोटोनिन मात्र त्यापासून होत नाही. या प्रयोगाचे फळ पार्किन्सनच्या रोग्यांना मिळाले: १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकेविच यांनी मृत रोग्यांच्या मेंदूंची तपासणी करून त्यांच्या एका विशिष्ट भागात डोपामीन कमालीचे घटलेले असते हे दाखविले, आणि एल-डोपाचा उपचार त्यातून उभा राहिला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रसंग लक्षात ठेवावा अशी वाचकांना विनंती आहे, कारण ‘रोग म्हणजे द्रव्याची उणीव’ हे विधान सिद्ध कसे करतात, याचा वस्तुपाठ त्यात आहे. उणीव असेल असे अनुमान केले, मग रोग्याच्या मेंदूत जाऊन पाहिले, आणि ती सापडली. औदासीन्याच्या बाबतीत यातली पहिली पायरी चढली गेली. पुढची मात्र बाकी राहिली.

पहिली पायरी कशी चढली गेली, ते पाहण्यासारखे आहे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीने घेरले, काही आत्महत्येच्या विचारापर्यंत गेले, असे अहवाल १९५४ पासून येऊ लागले. दुसऱ्या बाजूला, १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात आयप्रोनायझिड या नव्या औषधाने रुग्ण विलक्षण उल्हसित झाल्याचे दिसले होते; मरणाची वाट पाहणारे क्षयरोगी नाचत असल्याची छायाचित्रे तेव्हा वृत्तपत्रांत झळकली. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेजला, म्हणजे आपल्या पाखरांनाच, अडविते असे आढळले. क्लाइन यांनी १९५७ मध्ये ते उदास रुग्णांना देऊन गुण आल्याचे सांगितले. आता दोन टोके जुळली. रेसर्पिन द्रव्य घटविते आणि माणूस उदास होतो. आयप्रोनायझिड द्रव्य वाढविते आणि माणूस आनंदित होतो. त्याअर्थी उदासी म्हणजे त्या द्रव्याची उणीव. एका अंगाने दुसरे अंग तोललेला हा बंध आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्याची भुरळ पडणे साहजिक आहे. शास्त्रज्ञांनाही ती पडली.

पण एक अडचण त्याच वेळी समोर होती. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातील डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड यांनी १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला रेसर्पिन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. रेसर्पिन घेणाऱ्यांना अधिक गुण आला! ज्या औषधाने माणूस उदास होतो असा डंका पिटला जात होता, त्या औषधाने उदासांना बरे वाटल्याचा हा पुरावा, आणि तोही त्या काळी दुर्मीळ असलेल्या काटेकोर पद्धतीने मिळविलेला. तो खोडून काढला गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तो नुसता विसरला गेला. रक्तदाबाच्या रुग्णांचे अहवाल पुढे जेव्हा बारकाईने तपासले गेले, तेव्हा ज्यांना खरोखर तीव्र औदासीन्य आले असे लोक थोडे होते, आणि त्यांच्यातही अनेकांना पूर्वी कधीतरी तो आजार होऊन गेलेला होता, असे दिसून आले. अनेकांना आलेली सुस्ती आणि मरगळ ‘औदासीन्य’ या सदरात लिहिली गेली होती. २००३ मध्ये बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी ‘रेसर्पिनजन्य औदासीन्य’ ही एक दंतकथा आहे, असे स्पष्टच लिहिले. तरीही सर्पगंधेचा दाखला पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात राहिला. एखादे अवतरण मूळ ग्रंथ न पाहता एका प्रबंधातून दुसऱ्या प्रबंधात जात राहते, त्याचा अनुभव आमच्या वाचकांपैकी अनेकांना असेल. विज्ञानातही माणसेच प्रबंध लिहितात.

तिसरे औषध इमिप्रामिन. ते स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील रोलंड कून यांना सापडले, आणि त्याच्या शोधाची तऱ्हा आम्हांला फार भावते. गायगी कंपनीने हे द्रव्य स्किझोफ्रेनियासाठी आजमावून पाहावयास दिले होते. तेथे ते चालेना. कून यांनी ते तीव्र उदास रुग्णांना दिले आणि त्यांच्याजवळ बसून त्यांचे ऐकले. आठवड्या-दोन आठवड्यांत रुग्ण बोलू लागले, पत्रे लिहू लागले. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत कून यांनी हे सांगितले तेव्हा मोजकेच श्रोते होते. या शोधात कोणत्याही द्रव्याचा सिद्धान्त नव्हता. इमिप्रामिन द्रव्याचे पुनःशोषण अडविते, हे ज्यूलियस अॅक्सेलरॉड यांच्या कामामुळे काही वर्षांनी कळले. औषध आधी आले आणि कारण त्याच्या मागून, त्याला शोभेल असे शिवले गेले.

१९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी हे सगळे धागे एकत्र आणून उदासीचा संबंध नॉरअॅड्रिनलिनच्या उणिवेशी जोडला. १९६७ मध्ये अॅलेक कॉपन यांनी इंग्लंडमधून सेरोटोनिनची बाजू मांडली. अमेरिकेने एक द्रव्य धरले, युरोपने दुसरे. शिल्डक्राउट यांच्याविषयी एक गोष्ट न्यायाने सांगावयास हवी. आपला सिद्धान्त फार तर एका अतिशय गुंतागुंतीच्या अवस्थेचे अतिसुलभीकरण आहे, असे त्यांनी त्या लेखातच बजावून ठेवले होते. पुढच्यांनी सिद्धान्त उचलला आणि इशारा तेथेच ठेवला. असो.

सेरोटोनिनवरच नेम धरून बनविलेले फ्लुऑक्सेटिन हे औषध अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात मान्य झाले आणि ‘प्रोझॅक’ या नावाने जगभर गेले. जुन्या औषधांपेक्षा ते अधिक निर्धोक होते, हा त्याचा खरा गुण. जास्त गोळ्या घेतल्या गेल्या तरी जीव जाण्याची भीती पुष्कळच कमी. पण विकली गेली ती उणिवेची गोष्ट. २००१ च्या सुमारास अमेरिकन दूरचित्रवाणीवर दुसऱ्या एका अशाच औषधाच्या जाहिरातीत एक रडवेला अंडाकृती गोळा उड्या मारीत जाई, आणि दोन चेतापेशींमधली ती फट चित्राने दाखवून असंतुलनाची कथा सांगितली जाई. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची अशी जाहिरात आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडे ही कथा वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून, डॉक्टरांच्या समजावणीतून आणि चित्रपटांतून आली. २००६ मधील ‘लगे रहो मुन्नाभाई’ने ‘केमिकल लोचा’ हा शब्दप्रयोग घराघरांत पोचविला. मुंबईच्या गल्लीतल्या ‘लोचा’ या शब्दाने ‘असंतुलन’ या जड शब्दाचे काम इतक्या चटकन केले, की परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी हेवा करावा. त्या शब्दात थट्टा आहे. मात्र तिच्याखाली ‘डोक्यात काहीतरी रासायनिक बिघडले आहे’ हा विश्वास शाबूत आहे.

या विश्वासाला पुरावा काय? काही आहे, आणि तो लपवू नये. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये मारी ओस्बेरी यांना काही उदास रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात सेरोटोनिनपासून बनणारा एक पदार्थ कमी आढळला, आणि त्या गटात आत्महत्येचे प्रयत्न अधिक होते. पण तो गट सगळ्या रुग्णांचा नव्हता. उलट बाजूचे पुरावे पुष्कळ साठले. औषधाने पेशींमधल्या फटीतील सेरोटोनिन काही तासांतच वाढते. गुण यायला मात्र आठवडे लागतात. आहारात फेरफार करून निरोगी माणसांचे सेरोटोनिन तात्पुरते घटविले तरी ती उदास होत नाहीत. केटॅमिनचा परिणाम काही तासांतच दिसू लागतो, आणि ते मुख्यतः ग्लुटामेट या निराळ्याच द्रव्याच्या वाटेने काम करते. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेऊन, औदासीन्याचे मूळ सेरोटोनिनच्या उणिवेत आहे याला सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर मोठा गदारोळ झाला. अनेक संशोधकांनी आढाव्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, सेरोटोनिनची काहीच भूमिका नाही असे म्हणता येणार नाही, असेही बजावले. मात्र ‘साध्या उणिवे’ची बाजू घेऊन लढायला फारसे कोणी पुढे आले नाही, ती आम्ही केव्हाच सोडली होती, असेच अनेक तज्ज्ञ म्हणाले. सोडली होती तर लोकांना का सांगितले नाही, हा प्रश्न उरतोच.

येथे एक घसरण टाळली पाहिजे, आणि ती टाळण्यासाठीच हा सगळा प्रपंच. सिद्धान्त ढासळला म्हणजे औषध ढासळले, असे मानणे हा त्याच चुकीचा उलटा अवतार आहे. कपाळावर सुंठ उगाळून लावली की डोके उतरते. म्हणून डोकेदुखी म्हणजे सुंठीची उणीव, असे आजीही म्हणत नाही, आणि उणीव नाही म्हणून सुंठ टाकूनही देत नाही. औषधाचा गुण चाचणीत ठरतो. २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी व सहकाऱ्यांनी २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा, म्हणजे १,१६,४७७ रुग्णांचा, एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व औषधे पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता. ‘माफक’ हा शब्द ज्याला त्या औषधाने पुन्हा अंथरुणातून उठविले त्याला अपुरा वाटेल, आणि ज्याला काहीच गुण आला नाही त्याला फाजील वाटेल. सरासरी अशीच असते. ही औषधे एकाएकी सोडली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश यांचा त्रास होतो आणि मूळ आजारही उलटू शकतो. एखादा लेख वाचून, हा धरून, ती बंद करणाऱ्याचे फार नुकसान होईल. हा विषय त्याने आपल्या डॉक्टरांशीच बोलावा.

मग ही कथा इतकी रुजली का? आम्हांला वाटते, ती एका खऱ्या गरजेतून रुजली. आपल्या घरांतून उदास माणसाला काय ऐकावे लागते, ते आपण जाणतो. ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे’, ‘ही सगळी थेरं आहेत’, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी असेल’. या बोलण्यापुढे ‘माझ्या मेंदूत एक द्रव्य कमी पडते’ हे वाक्य ढालीसारखे उपयोगी आले. त्याने दोष माणसाच्या चारित्र्यावरून काढून रसायनावर ठेवला, मधुमेहाच्या शेजारी त्याला सन्मानाची खुर्ची दिली. असे वाक्य एखाद्या आईच्या तोंडून ऐकल्यावर तिला सर्पगंधेचा इतिहास सांगत बसणे क्रूरपणाचे होईल. पण ढालीची किंमतही द्यावी लागते. दुःखाचे कारण केवळ जीवशास्त्रीय आहे असे सांगितले, की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल असेही त्यांना कमी वाटते, असे या विषयावरील अभ्यासांत आढळले आहे. रसायनच बिघडले, मग तिथे आपण काय करणार! शिवाय कर्ज, एकटेपण, लग्नातली कोंडी, गेलेली नोकरी हे सगळे त्या एका शब्दात गडप होते. चरकाने ठेवलेली आगंतूची जागाच मिटून जाते.

त्या विद्यार्थ्याच्या टिपणात नेमके हेच घडले होते. कथेत नायकाच्या थोरल्या भावाने जमिनीच्या कागदांवर त्याचा अंगठा घेतला आहे. जेवताना त्याचे पान वेगळे मांडले जाऊ लागले आहे. आईने ते पाहूनही न पाहिल्यासारखे केले आहे. हे सारे विद्यार्थ्याने वाचले होते आणि वर्गात छान सांगितलेही होते. लिहायला बसल्यावर मात्र त्याला ते पुरेसे ‘कारण’ वाटले नाही. आम्ही समासात फक्त ‘हे कथेत कोठे?’ एवढे लिहिले. तो भेटायला आला आणि म्हणाला, “सर, पण मेंदूत काहीतरी होतच असेल ना?” होत असेलच. मेंदूत काही न होता कोणी घर सोडीत नाही, आणि कोणी घरी परतही येत नाही. त्या ‘काहीतरी’चे नाव आपल्याला ठाऊक आहे, असे आपण धरून चालतो, तेथे गडबड आहे. आमची त्या दिवशीची चर्चा अर्धवटच राहिली.

रक्तदाबासाठी रेसर्पिन आज क्वचितच दिले जाते; अधिक सोईची औषधे आली. प्रयोगशाळेत मात्र प्राण्यांना ‘उदास’ करण्यासाठी त्याचा उपयोग अजूनही होतो, म्हणजे जुना समज तेथे कामाचे साधन होऊन राहिला आहे. आणि सर्पगंधा? औषध मुळीत असल्याने ते मिळवायचे तर झुडूप समूळ उपटावे लागते. पन्नासच्या दशकात जगभरातून मागणी आली तेव्हा ती जंगलांतून बेसुमार खणली गेली. १९९० पासून ही वनस्पती संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि परवान्याशिवाय तिची मुळी देशाच्या सीमेबाहेर नेता येत नाही.